घरच्या काकडीला रोगापासून वाचवताना: बी टोकण्यापासून वेल उपटेपर्यंत

नाशिकमध्ये ‘डाऊनी’ आणि ‘भुरी’ ही द्राक्षाच्या रोगांची नावे ज्याच्याकडे एक गुंठाही शेत नाही त्यालाही ठाऊक असतात. ऑक्टोबर छाटणीनंतर आभाळ भरून आले की चहाच्या टपरीवर दुसरा विषय नसतो. त्यामुळे परसातल्या काकडीचे पान पिवळे पडले की दोन गोष्टी हमखास होतात. एक, ‘शेजारच्या द्राक्षबागेतून आला’ असे निदान होते. दोन, बागेत उरलेल्या औषधाची पुडी घरी येते. यातली पहिली गोष्ट चुकीची आहे आणि दुसरी धोक्याची.

द्राक्षाचा डाऊनी आणि काकडीचा डाऊनी, म्हणजेच केवडा, हे एकाच कुळातले असले तरी त्यांचे जीव वेगळे आहेत. द्राक्षावर प्लास्मोपारा व्हिटिकोला येतो, काकडीवर स्यूडोपेरोनोस्पोरा क्युबेन्सिस. एकाचे बीजाणू दुसऱ्याच्या पानावर रुजत नाहीत. भुरीचेही तसेच आहे. बाग आणि वेल यांच्यात सामाईक आहे ती फक्त हवा: ज्या रात्री द्राक्षाचे पान ओले राहते, त्याच रात्री काकडीचेही राहते. केवड्याला पानावर पाण्याचा पातळ थर आणि १५ ते २० अंशांच्या आसपासचे तापमान मिळाले, तर काही तासांत तो पानात शिरतो. म्हणून घरच्या काकडीचे निम्मे रोगनियंत्रण एकाच प्रश्नात आहे: पान किती वेळ ओले राहते? खाली जे सांगितले आहे त्यातले बरेचसे ते तास कमी करण्यासाठीच आहे. फवारणी शेवटी येते, आणि मुद्दामच शेवटी ठेवली आहे.

हंगाम आणि जागा

नाशिकला काकडीचे सोयीचे हंगाम दोन. उन्हाळी लागवड जानेवारीअखेर ते फेब्रुवारी, पावसाळी लागवड जून-जुलै. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बी टोकू नका. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात तेव्हा शहरातल्या गच्चीवरही रात्री थंडगार असतात. बी उगवायला पंधरवडा घेते, त्यात निम्मे मातीतच कुजते, आणि उरलेली रोपे खुरटी राहून पहिल्या रोगाला बळी पडतात. उन्हाळ्यात मुख्य शत्रू भुरी, फुलकिडे आणि लाल कोळी. पावसाळ्यात केवडा, करपा आणि मुळे कुजणे. दसऱ्यानंतर दव पडू लागले की केवडा आणि भुरी दोन्ही एकाच वेलावर दिसू शकतात. जूनमध्ये लावलेला वेल तोवर म्हातारा झालेला असतो, त्याला वाचवण्यात फारसा अर्थ नाही.

इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला राहणाऱ्यांनी पावसाळ्यात उघड्यावर काकडी लावण्याचा हट्ट धरू नये. तिथला पाऊस येवला-सिन्नरच्या कित्येक पट. लावायचीच असेल तर मांडवावर पारदर्शक प्लास्टिकचे उतरते छप्पर हवे: वेलाच्या वर फूटभर अंतर सोडून, चारही बाजू मोकळ्या. हे एक छप्पर चार फवारण्यांपेक्षा जास्त काम करते. बाजू बंद केल्या तर मात्र आत वाफ कोंडते आणि उलटाच परिणाम होतो. नाशिक शहरातही गच्चीवर अशी सोय जमत असेल तर जरूर करा.

जागा निवडताना सकाळचे ऊन बघा. पूर्वेचे ऊन सात-साडेसातला पानावर आले तर दव लवकर उडते. पश्चिमेच्या भिंतीलगतची जागा दुपारनंतर तापते, पण सकाळी नऊ-दहापर्यंत पाने ओलीच राहतात. दिवसाला किमान सहा तास ऊन हवे. पागोळ्या पडतात त्या जागी वेल नको.

माती: रोग इथूनच सुरू होतो किंवा थांबतो

नाशिकची काळी माती ऊस-गव्हाला उत्तम, कुंडीतल्या काकडीला नाही. ती पाणी धरून ठेवते, आणि काकडीची मुळे उथळ आणि नाजूक असतात. कुंडीसाठी दोन भाग पोयट्याची माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत आणि एक भाग कोकोपीट असे मिश्रण घ्या. माती काळीच असेल तर एक भाग जाड वाळू मिसळा. एका वेलाला १५ ते २० लिटरची कुंडी, बादली किंवा ग्रो बॅग लागते. तळाला बोट जाईल अशी पाच-सहा भोके हवीत, आणि कुंडी विटांवर थोडी उचलून ठेवा. जमिनीवर टेकलेल्या कुंडीची भोके महिनाभरात बुजतात. जमिनीत लावणार असाल तर सहा ते आठ इंच उंचीचा गादीवाफा करा आणि दोन वेलांत दीड ते दोन फूट अंतर ठेवा.

शेणखत ‘पूर्ण कुजलेले’ म्हणजे ज्याला शेणाचा वास येत नाही, हाताला गरम लागत नाही आणि मुठीत भुसभुशीत लागते ते. अर्धवट कुजलेले खत मर रोगाला आणि हुमणीला आमंत्रण देते.

लागवडीच्या आठ-दहा दिवस आधी या खतात ट्रायकोडर्मा वाढवून घ्या. प्रमाण किलोला दहा ग्रॅम. घरच्या चार कुंड्यांना दहा किलो खत धरले तर १०० ग्रॅम पावडर पुरते. खत सावलीत पसरा, मुठीत दाबल्यावर गोळा होईल पण पाणी गळणार नाही इतके ओलसर करा, पावडर मिसळा आणि ओल्या गोणपाटाने झाका. तीन-चार दिवसांनी एकदा खालवर करा. ही मित्र-बुरशी मुळांभोवती आधी जागा पटकावते, मग पिथियम, फ्युजेरियमसारख्या मुळे कुजवणाऱ्या रोगजंतूंना शिरायला अडचण होते. पाकिटावरची तारीख बघून घ्या. दुकानात उन्हात पडून राहिलेली मुदतबाह्य पावडर मेलेलीच असते, आणि बहुतेकांचा ‘ट्रायकोडर्माने काही झाले नाही’ हा अनुभव तिथून येतो. प्रत्येक कुंडीत १०० ग्रॅम निंबोळी पेंडही मिसळा, मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींचा जोर कमी होतो.

जुनीच माती पुन्हा वापरायची असेल तर एप्रिल-मेमधले ऊन फुकट घालवू नका. माती रिकामी करा, मुळे वेचून काढा, गच्चीवर चार ते सहा इंचांचा थर करा, पाणी मारून ओलसर करा आणि वरून पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा विटांनी घट्ट दाबा. चार ते सहा आठवडे तसेच राहू द्या. काळे प्लास्टिक वापरू नका. ऊन आरपार जाऊन माती तापायला हवी, आणि ते पारदर्शक प्लास्टिकखालीच चांगले होते. माती कोरडी असेल तर उष्णता खोलवर जात नाही, म्हणून ओल आवश्यक. तापवून झाल्यावर या मातीत ट्रायकोडर्माचे खत मिसळायला विसरू नका, कारण उन्हाने मित्र-शत्रू असा भेद केलेला नसतो.

काकडी, गिलके, दोडका, कारले, दुधी, डांगर ही सगळी एकाच घरची माणसे. एका कुंडीत काकडीनंतर गिलके लावणे म्हणजे जागा बदलणे नव्हे. निदान दोन वर्षे त्या मातीत मेथी, पालक, कांदापात, वाल असे काही घ्या. एकाच हंगामातही जुना रोगट गिलक्याचा वेल शेजारी ठेवून काकडीचे नवे बी टोकू नका. केवडा जिवंत वेलावरच तग धरतो आणि एका वेलावरून दुसऱ्यावर जातो.

बी आणि रोप

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे हिमांगी आणि फुले शुभांगी हे वाण आपल्याकडे परिचित आहेत, पुणेरी खिराही चालतो. संकरित बियाणे घेताना पाकिटावर केवडा आणि भुरीबद्दल सहनशीलता लिहिली आहे का ते पाहा. सहनशील म्हणजे रोग येणारच नाही असे नव्हे. तो उशिरा येतो आणि हळू पसरतो, आणि घरच्या वेलाला तेवढे पुरेसे असते.

बी रंगीत असेल (गुलाबी, हिरवे, निळे) तर त्यावर बुरशीनाशकाचा लेप आहे. ते भिजत घालू नका, त्यावर आणखी काही चोळू नका, आणि हाताळल्यावर हात धुवा. साधे बी असेल तर किंचित ओले करून चिमूटभर ट्रायकोडर्मा चोळा आणि सावलीत सुकवून लगेच लावा. खोली दोन सेंटिमीटर, त्याहून खोल नको. बी टोकल्यावर पहिले पाणी चांगले द्या, मग मातीचा वरचा थर ओलसर राहील इतकेच. २५ ते ३० अंशांत चार ते सहा दिवसांत कोंब दिसतो.

रोप कोलमडणे हा पहिला रोग. जमिनीलगत देठ दोऱ्यासारखा बारीक होतो आणि रोप आडवे पडते. पडलेले रोप वाचत नाही. ते भोवतालच्या मातीसह काढून टाका आणि बाकीच्यांचे पाणी तोडा. पाणी कमी आणि हवा जास्त मिळाली की बहुतेक वेळा उरलेली रोपे सावरतात. एका जागी तीन बिया टोकल्या असतील तर दोन खरी पाने आल्यावर एकच सुदृढ रोप ठेवा. बाकीची उपटू नका, कात्रीने कापा, म्हणजे राहिलेल्याची मुळे दुखावत नाहीत.

मांडव आणि विरळणी

जमिनीवर पसरलेली काकडी पावसाळ्यात टिकत नाही. सहा-सात फुटांचे बांबू आणि सुतळी किंवा नायलॉनची जाळी उभी बांधा. रोपाला चार-पाच पाने आल्यावर शेंडा सुतळीला गुंडाळायला सुरुवात करा. देठाभोवती गाठ मारताना करंगळी जाईल इतकी सैल ठेवा.

वेल तीन-चार फूट झाला की खालच्या फूटभरातली जुनी पाने आणि बगलफूट काढून टाका. कारण साधे: पावसाचा थेंब मातीवर आपटून उडतो आणि मातीतली बुरशी खालच्या पानांवर पोहोचते. एका वेळी दोन-तीन पानांपेक्षा जास्त काढू नका. भरभरून छाटणी केली तर फळे उन्हाने भाजतात आणि वेल थबकतो. पाने कोरड्या दिवशी सकाळी उन्हे आल्यावर काढा, म्हणजे जखम संध्याकाळपर्यंत वाळते. एका वेलावरून दुसऱ्या वेलाकडे जाताना कात्री साबणाने धुवा.

मातीवर दोन इंच आच्छादन टाका: भाताचा पेंढा, गव्हाचे काड, वाळका पाला. खोडाभोवती दोन बोटे जागा मोकळी ठेवा, नाहीतर तिथेच ओल साचून खोड कुजते. कोणाकडे चंदेरी-काळ्या मल्चिंग पेपरचा तुकडा उरला असेल तर तो चंदेरी बाजू वर करून अंथरा. त्याच्या चकाकीने मावा आणि पांढरी माशी बिचकतात.

पाणी

संध्याकाळी झारीने वेलाला आंघोळ घालायची सवय बहुतेक घरांत असते, आणि घरच्या काकडीचे सर्वाधिक नुकसान तीच करते. उन्हाळ्यात गारवा मिळेल म्हणून पानांवर मारलेले पाणी रात्रभर तिथे राहते. पाणी सकाळी द्या, आळ्यात द्या, पानांना लागू देऊ नका. झारीची जाळी काढून टाका, किंवा ड्रिपरच वापरा.

किती द्यायचे हे बोटाने ठरवा. बोट दोन पेरे मातीत घाला. ओल लागली तर पाणी नको. फळांवर आलेल्या वेलाला १५-२० लिटरच्या कुंडीत एप्रिलमध्ये दिवसाला दोन ते तीन लिटर लागू शकते, तर ऑगस्टमध्ये चार-चार दिवस काहीच लागत नाही. मातीला वाफसा (ना चिखल, ना कोरडी अशी स्थिती) येऊ देणे काकडीला फार मानवते. पाणी तुंबले की मुळांना हवा मिळत नाही, आणि गुदमरलेल्या मुळात बुरशी सहज शिरते.

दुपारी पाने मलूल होऊन संध्याकाळी टवटवीत झाली तर काळजी नको, ते उन्हामुळे. पण सकाळीही मान टाकलेली असेल आणि माती ओली असेल, तर आणखी पाणी ओतू नका. दुखणे मुळात आहे. एक वेल उपटून बघा. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी. बुंधा उभा चिरल्यावर आत तपकिरी रेषा दिसली तर मर रोग. दोन्हींवर उभ्या वेलात इलाज नाही. वेल मातीसह काढा, आणि ती माती वर सांगितल्याप्रमाणे उन्हात तापवल्याशिवाय वापरू नका.

खताचाही इथेच संबंध येतो. युरियाने पाने मोठी, गडद आणि लुसलुशीत होतात. तशी पाने मावा आणि बुरशी दोघांनाही आवडतात. दर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळ खत एका वेलाला पुरते.

विषाणू: इथे फवारणी उपयोगाची नाही

पानांवर हिरवे-पिवळे चट्टे, पाने आखडलेली, फळे वेडीवाकडी आणि खडबडीत, शेंडा चुरगळलेला: हा विषाणू. मोझॅक माव्यामार्फत येतो आणि पाने आखडणारा विषाणू पांढऱ्या माशीमार्फत. मोझॅकच्या बाबतीत मावा पानात सोंड खुपसून काही सेकंदांतच रोग देऊन जातो. कीटकनाशकाने तो मरेपर्यंत काम झालेले असते. रोगट वेल बरा होत नाही. तो पिशवीत घालून काढून टाका, तेही पहिल्या संशयालाच.

बचाव म्हणजे किडीला सुरुवातीपासून दूर ठेवणे. उगवल्यापासून मादी फुले येईपर्यंत वेल बारीक कीटकरोधक जाळीत झाकून ठेवा. यातच लाल भुंगेऱ्यांपासूनही रोपे वाचतात. मादी फूल म्हणजे ज्याच्या मागे बोटभर काकडीचा आकार दिसतो ते. ती दिसली की जाळी काढा, नाहीतर मधमाश्या येणार नाहीत आणि फळधारणा होणार नाही. पिवळे चिकट सापळे एका गच्चीला दोन-तीन पुरतात. पिवळ्या कार्डावर एरंडेल तेल लावूनही चालते. फळमाशीसाठी सापळा घ्यायचा तर दुकानदाराकडे क्यू-ल्यूर मागा. आंब्यासाठीचा मिथाइल युजेनॉलचा सापळा काकडीच्या फळमाशीला बोलावत नाही, आणि हे दोन्ही सापळे दिसायला सारखेच असतात.

दर दोन दिवसांनी पाच मिनिटे

सकाळी, पाने उलटी करून, खालून वर बघा. केवडा आणि भुरी यांची गल्लत होते, म्हणून नीट ओळखा.

केवड्याचे डाग पानाच्या वर पिवळे आणि कोनदार असतात, कारण शिरांनी त्यांची वाट अडवलेली असते. खालच्या बाजूला त्याच जागी सकाळी राखाडी-जांभळट लव दिसते. नंतर डाग तपकिरी होऊन पान काठाने वर वळते. खात्री नसेल तर संशयित पान ओल्या कागदासह प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. सकाळी खाली लव आली तर केवडाच.

भुरीत वरच्या बाजूला पिठासारखे पांढरे गोल ठिपके येतात आणि बोटाने पुसले जातात. तिला पानावर पाणी लागत नाही. म्हणूनच ती कोरड्या उन्हाळ्यातही येते, आणि दाट सावलीतल्या पानांवर आधी दिसते.

करप्याचे डाग गोलसर, तपकिरी, मधोमध वाळून भोके पडलेले. फळांवर खोलगट खड्डे. फक्त खालची दोन-तीन पाने एकसारखी पिवळी असतील तर ते वय आहे, रोग नाही. आणि पाने फर्नसारखी अरुंद, ताणलेली दिसली तर पंप आठवा. तणनाशक मारलेला पंप उसना आणला असेल तर धुतल्यावरही त्यात राहिलेला अंश काकडीला पुरतो.

डागाळलेली पाने कोरड्या वेळी काढा, पिशवीत घाला आणि घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नका.

फवारणी, लागलीच तर

भुरीसाठी घरगुती उपायांत दूध सर्वांत भरवशाचे: १०० मि.ली. ताजे दूध आणि ९०० मि.ली. पाणी, आठवड्यातून एकदा, भुरी दिसायला लागताच. ब्राझीलमध्ये १९९९ साली झुकिनीच्या भुरीवर याचे प्रयोग प्रसिद्ध झाले होते. दूध उन्हात काम करते, म्हणून सकाळी मारा. ढगाळ ऑगस्टमध्ये त्याच्याकडून फार अपेक्षा नको. खाण्याचा सोडा लिटरला पाच ग्रॅमप्रमाणे चालतो, पण कुंडीच्या मातीत सोडियम साचतो आणि पाने करपण्याचीही भीती असते. पोटॅशियम बायकार्बोनेट मिळाले तर तेच त्याच प्रमाणात वापरा.

मावा आणि पांढऱ्या माशीसाठी पाच टक्के निंबोळी अर्क: ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, साबणाचे थोडे पाणी घाला, आणि संध्याकाळी चारनंतर पानांच्या खालच्या बाजूला मारा. फुले सकाळी उमलतात आणि मधमाश्या तेव्हाच येतात, म्हणून ही वेळ.

केवड्याला दूध आणि नीम फारसे जुमानत नाहीत. बॅसिलस सबटिलिससारखे जैविक बुरशीनाशक लेबलवरच्या मात्रेने ढगाळ हवामानाच्या आधी मारता येते. डाग पसरल्यावर नाही. त्यापुढे कॉपर ऑक्सिक्लोराइड, लिटरला दोन ते अडीच ग्रॅम, तेही पाने कोरडी असताना आणि पानाच्या दोन्ही बाजूंना. कुठलाही तांबायुक्त फवारा आणि ट्रायकोडर्मा एकत्र करू नका, मित्र-बुरशी मरते. बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) काकडीची कोवळी पाने जाळते.

आता त्या उरलेल्या पुडीबद्दल. द्राक्षाचे वेळापत्रक काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची हे धरून आखलेले असते. काकडी मात्र एक-दोन दिवसाआड तोडली जाते आणि सालीसकट खाल्ली जाते. लेबलवर काकडीचे नाव आणि काढणीपूर्व दिवस लिहिलेले नसतील तर ते औषध तुमच्यासाठी नाही. डब्यावरचा त्रिकोण लाल किंवा पिवळा असेल तर घरात आणूच नका. लेबल फाटलेली, चिमटीने मोजून दिलेली पुडी तर नकोच. पाण्यात विरघळणारे गंधक नाशिकमध्ये घरोघरी सापडते. ते भुरीवर चालते, पण पारा ३२ अंशांच्या वर असताना किंवा नीमतेल मारल्यापासून दोन आठवड्यांच्या आत मारले तर काकडीची पाने भाजून निघतात. मार्चनंतर आपल्याकडे तो प्रयोग करायची वेळच उरत नाही.

वेल काढताना

तीन महिन्यांच्या आसपास वेल थकतो. फळे बारीक येतात आणि प्रत्येक पानावर काही ना काही असते. तो आणखी महिनाभर ओढू नका, कारण त्याच्यावरचा केवडा पुढच्या गिलक्या-दोडक्यावर जाईल. कोरड्या दिवशी बुंधा कापा, दोन दिवस जागेवरच वाळू द्या, मग मुळांसह काढून कचरागाडीत द्या. पडलेली फळे आणि पाने वेचा. बांबू आणि सुतळीत सुतळी टाकून द्या. बांबू, कुंडी आणि कात्री साबणाने धुवून एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात दहा मिनिटे ठेवा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि उन्हात वाळवा. बी राखायचे असेल तर हंगामाच्या मध्यात, सर्वांत निरोगी वेलावरचे एक फळ पिवळे-तपकिरी होईपर्यंत राखून ठेवा. मोझॅक दिसलेल्या वेलाचे बी घेऊ नका, आणि संकरित वाणाचे तर कधीच नको.